रात्री काठी आपटत फिरणाऱ्या गुरख्याला व्हिसा का लागत नाही?

सांगलीत विश्रामबागच्या बाजूला रात्री शिट्टी वाजवत, काठी आपटत फिरणारा गुरखा बहुतेक वेळा नेपाळचा नागरिक असतो, म्हणजे कायद्याच्या भाषेत परदेशी. त्याच्याकडे व्हिसा नसतो, पासपोर्टही बहुधा नसतो. तरीही त्याचं इथं राहणं आणि काम करणं पूर्णपणे कायदेशीर आहे. त्याच शहरात सराफ कट्ट्याच्या एखाद्या माडीवर मांडी घालून बसलेला, फुंकणीने ज्योत वळवत दागिन्याला डाग देणारा (म्हणजे सांधा जोडणारा) कारागीर पश्चिम बंगालमधल्या हुगळीचा किंवा मेदिनीपूरचा असतो. तो तुमच्या-माझ्याइतकाच भारतीय. पण 'हा बांगलादेशी तर नाही ना?' ही शंका घेतली जाते ती त्याच्यावरच.

१ सप्टेंबर २०२५ पासून देशात परदेशी नागरिकांविषयीचा नवा कायदा लागू झाला. त्याच महिन्यात काठमांडूत तरुणांचं आंदोलन पेटलं आणि नेपाळचं सरकार पडलं. तेव्हापासून घरमालक, हॉटेलवाले, सोसायट्यांचे सेक्रेटरी एकच विचारतात: कोणाला ठेवायचं, कोणाची कागदपत्रं बघायची आणि एका शेजाऱ्याला एक न्याय, दुसऱ्याला दुसरा असं का? प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र एका वाक्यात बसत नाही.

आधी तीन-चार शब्द समजून घेऊ

भारताचा नागरिक कोण, हे १९५५ चा नागरिकत्व कायदा ठरवतो. जो त्यात बसत नाही तो परदेशी नागरिक, मग तो अमेरिकेतून आलेला असो की बिहारच्या सीमेवरचा रक्सौलचा नाका ओलांडून नेपाळमधून. पासपोर्ट म्हणजे 'हा आमचा माणूस' असं त्याच्या स्वतःच्या सरकारने लिहून दिलेलं पत्र. व्हिसा म्हणजे ज्या देशात तो जाणार त्या देशाने दिलेली परवानगी: ये, इतके दिवस राहा, अमुक काम कर. ही परवानगी न घेता जो आला, किंवा मुदत संपल्यावरही राहिला, त्याला बेकायदा स्थलांतरित म्हणतात. मुदत टळून राहिलेला माणूस आला होता रीतसरच, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. प्रत्येक जण काटेरी तारेखालून आलेला नसतो.

नव्या कायद्याने १९२०, १९३९, १९४६ आणि २००० सालचे चार जुने कायदे रद्द करून एकत्र केले. पहिले तिन्ही ब्रिटिशांच्या वेळचे. वैध पासपोर्ट-व्हिसाशिवाय देशात शिरलं तर पाच वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बनावट पासपोर्ट वापरला तर किमान दोन आणि जास्तीत जास्त सात वर्षं कैद, शिवाय दंड दहा लाखांपर्यंत जाऊ शकतो. पण त्याबरोबरच सरकारने सवलतींचा एक आदेशही काढला आणि त्यात नेपाळ व भूतानच्या नागरिकांना पासपोर्ट-व्हिसाच्या अटीतून मोकळं ठेवलं. ही सवलत नवी नाही, जुनीच पुढे चालू ठेवली आहे.

एका रानाचे सात बांध

आपल्याकडे रानाला रान लागून असतं. एका बाजूच्या शेजाऱ्याशी आजा-पणजापासून वहिवाट असते. त्याची बैलगाडी आपल्या रानातून जाते, आपलं पाणी त्याच्या पाटातून येतं, कुणी कुणाला विचारत नाही. दुसऱ्या बाजूला तार असते आणि तहसीलदाराकडे दावा चालू असतो. तिसरा शेजारी म्हणतो, जा, पण सांगून जा. शेत तेच, मालक तोच, तरी प्रत्येक बांधाचा कायदा वेगळा. कारण त्या बांधावर जे घडलं ते वेगळं.

भारताला जमिनीवर असे सात बांध आहेत: पाकिस्तान, अफगाणिस्तान, चीन, नेपाळ, भूतान, म्यानमार आणि बांगलादेश. सातांसाठी एकच नियम कधीच नव्हता. त्यामुळे 'परदेशी माणसासाठी काय नियम?' हा प्रश्न अपुरा पडतो. कुठल्या बांधावरून आलेला, हे आधी विचारावं लागतं.

नेपाळशी वहिवाट कशी पडली?

३१ जुलै १९५० रोजी काठमांडूत भारत आणि नेपाळ यांच्यात शांतता आणि मैत्रीचा करार झाला. त्याच्या सातव्या कलमात दोन्ही देशांनी एकमेकांच्या नागरिकांना राहणं, मालमत्ता घेणं, व्यापार करणं आणि फिरणं यात बरोबरीची वागणूक कबूल केली. ये-जा मात्र कराराच्याही आधीची. सीमेच्या दोन्ही अंगांना मैथिली, भोजपुरी, अवधी बोलणारी गावं आहेत, सोयरिकी होतात. ब्रिटिशांनी १८१५ पासून गुरखे सैन्यात भरती केले आणि आजही भारतीय लष्करात सात गुरखा रेजिमेंट आहेत. १९५० च्या कराराने या चालत आलेल्या गोष्टीला कायद्याचं बळ दिलं.

म्हणून १,७५१ किलोमीटरच्या या सीमेवर नेपाळी माणूस जमिनीवरून चालत येऊ शकतो. सुदूरपश्चिम नेपाळमधल्या अछाम, डोटी, बझांग या डोंगरी जिल्ह्यांतून लोक बनबसाच्या किंवा धनगढीच्या नाक्यावरून उतरतात आणि मुंबई, पुणे करत साताऱ्या-सांगलीपर्यंत पोहोचतात. महाबळेश्वरच्या हॉटेलांतलं स्वयंपाकघर, हायवेवरची चायनीजची गाडी, इमारतीखालची वॉचमनची खोली, इथं ते दिसतात. नेपाळच्या २०२१ च्या जनगणनेनुसार देशाबाहेर असलेल्या नेपाळींची संख्या २१ लाखांवर होती आणि त्यात भारतात येणाऱ्यांचा वाटा मोठा आहे. आखातात जायला एजंटला लाखो रुपये मोजावे लागतात. भारतात यायला बसभाडं पुरतं. गरिबातला गरीब नेपाळी भारताकडे वळतो तो यामुळे.

या सवलतीला मर्यादाही आहेत. नेपाळी नागरिक चीन, हाँगकाँग, मकाव किंवा पाकिस्तानातून भारतात येत असेल तर त्याला सूट नाही. दुबईहून थेट मुंबईला उतरला तर व्हिसा नको, पण पासपोर्ट हवा. मतदानाचा हक्क त्याला नाही. कागदोपत्री मालमत्तेचा उल्लेख करारात असला तरी परकीय चलनाच्या नियमांनुसार नेपाळी नागरिकाला भारतात घर किंवा जमीन विकत घ्यायची तर रिझर्व्ह बँकेची आधी परवानगी लागते. पाच वर्षांपर्यंतचा भाडेकरार चालतो. नेपाळही भारतीयांना जमीन विकत घेऊ देत नाही.

या वाटेने आपली माणसंही गेली आहेत

हे सांगितल्याशिवाय सांगलीच्या वाचकापुढे हा विषय पुरा होतच नाही. खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, तिकडे माण आणि खटाव, हा सगळा दुष्काळी टापू. पाऊस पाठ फिरवायचा, तेव्हा इथली पोरं गलाईच्या धंद्यात बाहेर पडली. गलाई म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणं. सराफाकडचे जुने, मोडीचे दागिने आणि दुकानातला झाडलेला केरसुद्धा घ्यायचा, मुशीत घालून भट्टीत वितळवायचा, तेजाबाने (तीव्र आम्लाने) त्यातला हीण धातू वेगळा काढायचा आणि चोख सोनं परत द्यायचं. दहा बाय दहाची खोली, तेजाबाचा पिवळसर धूर, उन्हाळ्यात भट्टीपुढे बसणं. फार कष्टाचं काम आहे ते. भारतातल्या जवळपास प्रत्येक मोठ्या शहराच्या सराफी पेठेत विट्याच्या बाजूचा माणूस भेटतो. तो काठमांडूतही भेटतो.

काठमांडूत दुकान थाटताना या मराठी माणसाला जी मोकळीक मिळाली ती त्याच सातव्या कलमामुळे. आपल्या दारातल्या गुरख्याला जे कलम इथं ठेवतं, तेच आपल्या गलाईवाल्याला तिकडे ठेवतं. उद्या कुणी म्हणालं की नेपाळी नको, करार मोडा, तर तो करार दोन्हीकडून मोडेल. खानापूर तालुक्यातल्या घरांना हे सांगायला लागत नाही.

मग बाकीच्या बांधांवर काय?

भूतानशी नातं नेपाळसारखंच, पण थोडं आखडतं. भूतानी माणसाला इथं व्हिसा लागत नाही. आपल्याला तिकडे जाताना परमिट काढावं लागतं आणि २०२२ पासून भारतीय पर्यटकाला दर रात्रीचे १,२०० रुपये शुल्क द्यावं लागतं. देश छोटा, लोकसंख्या कमी. आपली गर्दी त्यांना पेलत नाही, हे महाबळेश्वरला मे महिन्यात गाड्यांची रांग पाहणाऱ्याला पटकन समजेल.

म्यानमारच्या बाजूला डोंगरावरच्या जमाती सीमेच्या अलीकडे-पलीकडे विभागल्या गेल्या, म्हणून दोन्हीकडच्या १६ किलोमीटरच्या पट्ट्यातल्या लोकांना व्हिसाशिवाय ये-जा करता येई. म्यानमारमध्ये २०२१ साली लष्कराने सत्ता घेतली, निर्वासित मिझोराममध्ये आले, मणिपूर पेटलं आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने ही मोकळीक बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्या वर्षअखेरीला पट्टा १० किलोमीटरवर आणून पासची पद्धत सुरू झाली. पाकिस्तानचं सांगायलाच नको. एप्रिल २०२५ मधल्या पहलगाम हल्ल्यानंतर तिथल्या नागरिकांचे बहुतेक व्हिसे रद्द झाले आणि अटारीचा नाका बंद झाला.

सगळ्यात गुंतागुंतीचा बांध बांगलादेशचा. १९४७ मध्ये रेघ मारली गेली तेव्हा लोकांच्या घरा-शेतांतून मारली गेली. तरीही पाच वर्षं तिथून ये-जा होत राहिली. भारत आणि तेव्हाचं पूर्व पाकिस्तान यांच्यात पासपोर्ट लागू झाला तो १९५२ च्या ऑक्टोबरात. १९७१ च्या युद्धात सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले, त्यातले बहुतेक परत गेले. आसामात १९८५ च्या करारानुसार मार्च १९७१ ही तारीख धरून वेगळाच नियम आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने तो ऑक्टोबर २०२४ मध्ये कायम ठेवला. भारताच्या पोटात बांगलादेशाची ५१ गावं आणि बांगलादेशाच्या पोटात भारताची १११ गावं अशी परिस्थिती तर २०१५ पर्यंत होती. त्या वर्षी ३१ जुलैच्या मध्यरात्री अदलाबदल झाली आणि तिथल्या माणसांना कुठलं नागरिकत्व हवं ते विचारण्यात आलं. ही सीमा ४,०९६ किलोमीटरची. ३,२०० किलोमीटरच्या आसपास तार लागली आहे. उरलेल्या भागात काही ठिकाणी नद्या आणि दलदल आहे, तिथं तार टिकत नाही.

बांगलादेशी नागरिकाला भारतात यायला पासपोर्ट आणि व्हिसा दोन्ही लागतात. बेकायदा येणारे आहेत, हे खरं आहे, आणि सरकारने त्यांना शोधून परत पाठवायचं यात गैर काही नाही. गैर होतं ते शोधण्याच्या रीतीत. २०११ च्या जनगणनेत भारतात ९ कोटी ७२ लाख लोकांनी बंगाली ही आपली मातृभाषा नोंदवली. मराठी ८ कोटी ३० लाखांनी. म्हणजे बंगाली बोलणारे भारतीय मराठी बोलणाऱ्या भारतीयांपेक्षा जास्त आहेत. बोलीवरून देश ओळखायला निघालं की चूक होणारच. २०२५ च्या मे महिन्यात केंद्राने राज्यांना संशयितांची कागदपत्रं ३० दिवसांत तपासायला सांगितलं, धरपकड वाढली, आणि जूनमध्ये महाराष्ट्रातून उचललेले पश्चिम बंगालचे काही मजूर थेट सीमेपलीकडे ढकलले गेले. ते भारतीय निघाले, मग त्यांना परत आणावं लागलं. आपल्या देशाच्या नागरिकाला आपणच रात्रीच्या अंधारात दुसऱ्या देशात सोडून यावं, याहून मोठी चूक या खात्यात होऊ शकत नाही असं मला वाटतं.

त्यात एक अडचण कायद्यातच आहे. एरवी गुन्हा सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर असते. इथं उलटं. 'मी परदेशी नाही' हे त्या माणसालाच सिद्ध करावं लागतं. जुन्या कायद्यात असंच होतं, नव्यातही तसंच आहे. जन्माचा दाखला नसलेल्या, शाळा न पाहिलेल्या मजुराला हे किती अवघड जात असेल! आपल्या ऊसतोड्यांपैकी किती जण आज दुपारपर्यंत स्वतःचा आणि आई-बापांचा जन्मदाखला आणून देऊ शकतील?

निर्वासित हा शब्द कुठे बसतो?

पोटासाठी येतो तो स्थलांतरित. जिवाच्या भीतीने येतो तो निर्वासित. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या जागतिक करारावर भारताने सही केलेली नाही आणि त्यांच्यासाठी वेगळा कायदाही केलेला नाही. त्या-त्या वेळी सरकार निर्णय घेतं.

आपल्या भागाला हे नवीन नाही. मिरजेपासून तासाभराच्या अंतरावर, कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पोलंडचे सुमारे ५,००० निर्वासित राहिले, त्यात बायका-मुलंच जास्त. युद्धानंतर ते गेले आणि फाळणीत घरदार गमावलेले सिंधी त्याच बराकींत आले. आज तिथं गांधीनगरची कापडाची बाजारपेठ आहे. कायद्याने बघाल तर पोलिश परके होते आणि सिंधी आपले नागरिक, म्हणजे विस्थापित. त्यांच्या हाती असलेल्या गाठोड्यात मात्र काही फरक नव्हता.

थंडीत स्वेटर विकायला येणाऱ्या तिबेटी लोकांचंही असंच. १९५९ नंतर आलेल्यांची आता तिसरी पिढी आहे. कर्नाटकातल्या बैलकुप्प्यात जन्मलेल्या मुलाकडेही नोंदणी प्रमाणपत्र असतं आणि त्याचं वेळोवेळी नूतनीकरण करावं लागतं. १ जुलै १९८७ च्या आधी भारतात जन्मलेला मात्र जन्माने नागरिक ठरतो, मग त्याचे आई-बाप कुठलेही असोत. त्या तारखेनंतर आई-वडलांपैकी एक भारतीय असणं आवश्यक झालं आणि डिसेंबर २००४ पासून दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा ही अटही आली. एकाच आईच्या दोन लेकरांपैकी थोरला भारतीय आणि धाकटी परदेशी, असं होऊ शकतं ते यामुळे.

'पण मोकळ्या सीमेतून अतिरेकी नाही का येणार?'

ही भीती खोटी नाही. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून निघालेलं भारतीय विमान पळवून कंदाहारला नेलं होतं. त्यानंतर विमानाने ये-जा करणाऱ्यांना ओळखपत्र सक्तीचं झालं आणि २००१ पासून नेपाळ सीमेवर सशस्त्र सीमा बल आहे. मोकळी सीमा म्हणजे बेवारस सीमा नव्हे. तिसऱ्याच देशाचा माणूस नेपाळमार्गे आला तर त्याला व्हिसा लागतोच. तरीही गर्दीतून एखादा निसटू शकतो, हे मान्य करावं लागेल. पण तार लावून काय होतं तेही आपण मार्च २०२० मध्ये पाहिलं. कोरोनात सीमा बंद झाली, उत्तराखंडातल्या धारचुल्याला महाकाली नदीच्या पुलाशी नेपाळी मजूर दिवसेंदिवस अडकून पडले आणि घरच्या ओढीने काही जणांनी नदीत उड्या टाकल्या. दोन्हीकडे किंमत आहे. मला विचाराल तर नाक्यावर नोंद चोख ठेवावी, वाट बंद करू नये.

नेपाळलाही हा करार जसाच्या तसा नको आहे. १९५० साली तिथल्या राणा घराण्याच्या राजवटीत सही झालेला तो बरोबरीचा नाही, असं तिथं अनेकांना वाटतं. दोन्ही देशांच्या जाणत्यांचा एक गट २०१६ मध्ये नेमला गेला, त्याने २०१८ मध्ये अहवाल पुरा केला, पण तो स्वीकारण्याचा कार्यक्रम काही झालेला नाही.

'ते आपल्या पोरांचं काम नेतात'

रात्रभर जागून दारोदार थोडे थोडे पैसे गोळा करण्याचं काम सांगलीतला कुठला पोरगा मागतो आहे? हॉटेलात चौदा-चौदा तास भांडी घासण्याचंही तसंच. एवढं मात्र खरं की ज्याला जायला दुसरी जागा नाही तो कमी पगारात राबतो आणि त्याने सगळ्यांचाच दर पडतो. त्यावर उपाय म्हणजे किमान वेतन सगळ्यांना लागू करणं. नेपाळ्याला हाकललं तर मालक बिहारचा माणूस आणेल, दर तोच ठेवेल.

'आधार आहे म्हणजे भारतीयच ना?'

नाही. आधार राहण्याची ओळख आहे, नागरिकत्वाची नाही. आधारच्या कायद्यातच तसं लिहिलं आहे. भारतात वर्षभरात १८२ दिवस राहिलेल्या नेपाळी नागरिकालाही आधार मिळतं. म्हणून गुरख्याकडे आधार दिसलं तर ते बनावट असं समजू नये आणि ते आहे म्हणून त्याचं नाव मतदार यादीत घालायलाही जाऊ नये.

घरमालकाने, सोसायटीने काय बघावं

नेपाळी माणसाकडे त्याच्या देशाचं नागरिकता प्रमाणपत्र असतं. ते देवनागरीत असतं, त्यामुळे आपल्याला वाचता येतं, पण जन्मसाल पाहून माणूस चक्रावतो: २०५५! नेपाळात विक्रम संवत चालतं, आपल्या इसवी सनाच्या साधारण ५७ वर्षं पुढे. त्यामुळे २०५५ म्हणजे १९९८-९९. कार्ड खोटं आहे म्हणून आरडाओरडा करण्याआधी एवढी वजाबाकी करावी. त्यावर जिल्ह्याचं नाव असतं, ते लिहून घ्यावं आणि छायाप्रत भाडेकरूच्या माहितीबरोबर जवळच्या पोलीस ठाण्यात द्यावी.

इतर देशांचा पाहुणा उतरला तर हॉटेल असो, होम-स्टे असो की घर, त्याची माहिती २४ तासांत ऑनलाइन भरायची असते. महाबळेश्वर-पाचगणीच्या हॉटेलांना याची सवय आहे, अलीकडे खोल्या भाड्याने देऊ लागलेल्यांना नाही. पाचगणीच्या निवासी शाळांना परदेशी विद्यार्थ्यांची माहिती वेगळी द्यावी लागते. जिल्ह्यात परदेशी नागरिकांची नोंदणी पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयात होते, शंका तिथंच विचारावी. स्वतः कुणाला अडवून, भाषा ऐकून, दाढी बघून चौकशी करण्याचा अधिकार कायद्याने आपल्याला दिलेला नाही.

आणि गुरखा कधी गावी पैसे पाठवायची अडचण सांगत असेल तर त्याला बँकेत घेऊन जा. ओळखीच्या माणसाच्या हाती नोटा देणं, त्याने वाटेत लुबाडणं, हे वर्षानुवर्षं चालतं. नेपाळला पैसे पाठवण्याची रिझर्व्ह बँकेची खास सोय २००८ पासून आहे आणि १९९३ पासून दर ठरलेला आहे: आपले १०० म्हणजे नेपाळचे १६० रुपये.